मालगाडीला कुणी टाटा करत नाही



एक प्रश्न विचारतो. खरं खरं उत्तर द्यायचं हं! रेल्वेच्या फाटकापाशी तुम्ही थांबला आहात. लांबून शिट्टी ऐकू आली. तुम्ही टाचा उंच करून बघायला लागलात. आणि आली ती मालगाडी! काय म्हणता तुम्ही?

"शी! मालगाडी!"

म्हणता ना? मीसुद्धा लहानपणी हेच म्हणायचो. एक्सप्रेस गाडीला दोन्ही हात हलवून टाटा करायचं, खिडकीतल्या अनोळखी मुलांना वेडावून दाखवायचं आणि मालगाडी आली की तोंड फिरवून फाटक कधी उघडतंय याची वाट बघायची. त्या बिचारीला ना खिडक्या, ना माणसं. टाटा करायचा तरी कुणाला?

आता गंमत ऐका. मागच्या रविवारी आम्ही पाच जण पहाटे उठून, डबे बांधून, लोकलने दोन तास प्रवास करून चक्क मालगाड्यांचे फोटो काढायला गेलो होतो! आमच्या गल्लीतल्या दूधवाल्यानं विचारलं, "काका, कॅमेरे घेऊन कुठं? लग्नाला?" मी म्हटलं, "नाही रे, मालगाडी बघायला." तो असा काही हसला की त्याच्या किटलीतलं दूध हिंदकळलं.

पण त्या दिवशी एक गोष्ट अशीही घडली, की ती आठवली तर अजून माझ्या पोटात गोळा येतो. तीही सांगणार आहे. माझी चूक आहे त्यात, म्हणून तर सांगायलाच हवी.

आधी आमची टोळी सांगतो. खरी नावं छापली तर रागावतील, म्हणून टोपणनावांवर भागवा. लंबू हा माझा शाळेपासूनचा मित्र. उंची सहा फूट आणि उत्साह त्याच्याहून उंच. चिमी ही त्याची मुलगी, आठवीत शिकते. मास्तर हा दुसरा मित्र, शाळेत गणित शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशीही शिकवतो. बारक्या हा त्याचा मुलगा, सहावीत, सतत भुकेला. आणि पाचवा मी, तुमचा काका.

आम्ही ठाण्याहून पहाटेची कसारा लोकल पकडली. आता कसाराच का? तर मित्रांनो, कसारा म्हणजे थळ घाटाचा पायथा. इथून इगतपुरीपर्यंत रेल्वे सह्याद्री चढते. साधारण पंधरा किलोमीटरच्या अंतरात सुमारे 300 मीटर उंच! हा मार्ग 1865 साली सुरू झाला. त्या काळी ना जेसीबी होते, ना मोठाली ड्रिलिंग यंत्रं. पहार, सुरुंग आणि हजारो मजुरांचे हात यांच्या जोरावर कातळ फोडून बोगदे काढले, दऱ्यांवर पूल बांधले. एहेगावचा पूल तर दरीच्या तळापासून सुमारे 55 मीटर उंच आहे. म्हणजे सोळा-सतरा मजली इमारतच की!

घाटातला चढ किती? तर 37 मीटर पुढं गेलं की 1 मीटर वर. "एवढंच?" बारक्या म्हणाला. "आमच्या सोसायटीचा उतारसुद्धा याच्याहून जास्त आहे."

झालं! मास्तरांनी खिशातून पेन काढलं. "बारक्या, 37 टनांची वस्तू अशा चढावर ठेवली, तर तिच्या वजनातलं साधारण 1 टन तिला खाली खेचत असतं. आता मालगाडी 3700 टनांची असेल तर?"

"100 टन!" चिमी पटकन म्हणाली.

"बरोबर. म्हणजे गाडी नुसती जागच्या जागी धरून ठेवायलाही 100 टनांचा जोर हवा. वर चढवायचं तर त्याहून जास्त. आणि लोखंडाची चाकं लोखंडाच्या रुळावर किती गुळगुळीत! घसरायला वेळ नाही लागत."

मग एवढी जड गाडी चढते कशी? तर कसाऱ्याला तिला मागून आणखी इंजिनं जोडतात. त्यांना म्हणतात 'बँकर'. बँकेत काम करणाऱ्या लंबूला हा शब्द फार आवडला. "बघ चिमे, बँकवाल्यांशिवाय देशाची गाडी पुढं जात नाही!"

तुम्ही म्हणाल, इंजिनं मागेच का? सगळी पुढं लावली तर? विचार करा. सगळी इंजिनं पुढून ओढू लागली तर पहिल्या डब्याच्या जोडणीवर, म्हणजे कपलिंगवर, अख्ख्या गाडीचा ताण येईल. ते तुटलं तर? काही इंजिनं पुढून ओढतात, काही मागून ढकलतात. ताण वाटला जातो. आणि एखादं कपलिंग तुटलंच, तर मागची इंजिनं डब्यांना घसरू न देता धरून ठेवतात. आहे की नाही शहाणपणाची गोष्ट?

कसाऱ्याला उतरल्यावर आम्ही आधी स्टेशनमास्तरांना भेटलो. परतीची तिकिटं दाखवली, काय करायचंय ते सांगितलं. ते म्हणाले, "फलाटावरून काढा. फलाट सोडू नका." हे वाक्य लक्षात ठेवा. आम्ही पाचही जणांनी ते ऐकलं होतं.

पहिला तास मजेत गेला. मालगाडी 'वाचायची' कशी, ते मास्तरांनी मुलांना शिकवलं. हो, वाचायची! डब्याच्या अंगावर काय काय लिहिलेलं असतं! डबा 'बीसीएन' असेल तर बी म्हणजे बोगी, सी म्हणजे बंद डबा आणि एन म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक. यातून धान्य, सिमेंट, खताच्या गोण्या जातात. 'बीटीपीएन' असेल तर टी म्हणजे टाकी आणि पी म्हणजे पेट्रोलियम. 'बॉक्सएन' हा वरून उघडा, उंच भिंतींचा डबा, कोळशासाठी. अशा 58 डब्यांची एक गाडी असते. एक भरलेला डबा सुमारे 81 टनांचा. करा बरं गुणाकार! 4700 टनांच्या आसपास जातो.

इंजिनाचं नावही वाचता येतं. 'डब्ल्यूएजी-9' मधला डब्ल्यू म्हणजे रुंद रूळ, ए म्हणजे एसी वीज आणि जी म्हणजे मालगाडीसाठीचं इंजिन. जीच्या जागी पी असेल तर ते प्रवासी गाडीचं. पूर्वी मुंबईकडच्या या मार्गावर डीसी वीज होती, तेव्हा एच्या जागी सी असायचा. त्या काळातलं 'डब्ल्यूसीजी-1' हे लांब नाकाचं इंजिन घाटात धापा टाकत चढायचं. लोक त्याला लाडानं 'खेकडा' म्हणत. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात असा एक खेकडा जपून ठेवलाय, कधी गेलात तर बघून या. मुंबई परिसरातली डीसी वीज 2016 साली कायमची संपली. आता सगळीकडे 25,000 व्होल्टची एसी आहे.

आणि सगळ्यात भारी म्हणजे डब्याचा नंबर! प्रत्येक डब्यावर अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे डब्याचा प्रकार सांगतात: 10 ते 29 उघडा, 30 ते 39 बंद, 40 ते 54 टाकी. पुढचे दोन आकडे तो कोणत्या रेल्वेचा आहे ते सांगतात. 01 म्हणजे आपली मध्य रेल्वे. त्यापुढचे दोन म्हणजे डबा बांधला ते साल. मग चार आकडे त्याचा स्वतःचा क्रमांक. आणि शेवटचा अकरावा आकडा? तो पहारेकरी!

चिमीनं काढलेल्या एका फोटोत नंबराचा शेवटचा आकडा काजळीत बुडाला होता. (नंबर मी थोडा बदलून देतोय.) दिसत होतं ते एवढंच: 10 01 11 3407 आणि पुढं काळा डाग.

"गेला फोटो!" चिमी हिरमुसली.

"थांब," मास्तर म्हणाले. "जोडीच्या जागांवरचे आकडे घे. दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा. बेरीज कर."

"शून्य, एक, एक, चार, सात... तेरा."

"त्याची तिप्पट?"

"एकोणचाळीस."

"आता उरलेल्या विषम जागांवरचे आकडे मिळव. एक, शून्य, एक, तीन, शून्य."

"पाच. म्हणजे एकूण चव्वेचाळीस."

"आता पुढची पूर्ण दहाई गाठायला किती कमी पडतात?"

"पन्नासला... सहा!"

"तर त्या डागाखाली 6 आहे."

चिमीनं डोळे विस्फारले. बारक्या डबा खायचं थांबला. (हे क्वचित घडतं.) नंबर लिहून घेताना कुणाची एका आकड्याची चूक झाली, तर हा अकरावा आकडा जुळत नाही आणि चूक पकडली जाते. लाखो डबे देशभर फिरत असतात. एक आकडा चुकला की सिमेंट एका गावी आणि कागद दुसऱ्या गावी!

एवढ्यात कंटेनरची गाडी आली. तिच्यावर न्हावा-शेवा बंदराकडून येतात तशा लाल, निळ्या, हिरव्या पेट्या. पुढं दोन इंजिनं. ती थांबली, मागं तीन बँकर जोडले गेले. बराच वेळ काहीच घडेना. मग पुढून शिट्टी झाली, मागून तिला उत्तर मिळालं आणि गाडी हलली. मित्रांनो, तो आवाज कानांना ऐकू येण्याआधी पायांना कळतो! फलाट थरथरत होता. डबे एकामागून एक कणकण करत ताणले जात होते.

आणि इथंच ती गोष्ट घडली.

लंबूला मागचे तीन बँकर एका रेषेत, अगदी समोरून, खालून हवे होते. फलाट जिथं संपतो तिथं उतार असतो. लंबू त्या उताराशी गेला आणि मला म्हणाला, "दोन मिनिटं खाली उतरतो. तू लक्ष ठेव."

मी काय म्हणायला हवं होतं? "नाही." एवढं सोपं. पण मी म्हटलं, "जा रे, मी बघतो."

तो खाली उतरून खडीवर उभा राहिला. त्याचं तोंड आमच्याकडे, पाठ घाटाकडे. शेजारचा रूळ मोकळा होता. बँकर जवळ आले. तीन इंजिनांची ती गर्जना! आणि मी... मी कॅमेरा डोळ्याला लावला. मलाही ते इंजिन हवं होतं ना! एका क्षणात मी लंबूला विसरलो. ज्याचं काम लक्ष ठेवायचं होतं, त्याचा एक डोळा मिटलेला आणि दुसरा एका चौकोनात अडकलेला.

त्याच वेळी शेजारच्या मोकळ्या रुळावरून, घाटाकडून, लंबूच्या पाठीमागून दोन सुटी इंजिनं खाली येत होती. आधीच्या कुठल्याशा गाडीला वर पोचवून परतणारे बँकर. उतारावर जोर लावावा लागत नाही, त्यामुळे ती जवळजवळ गुपचूप येत होती. आणि जो काही आवाज होता, तो या तीन इंजिनांच्या गर्जनेत बुडून गेला होता.

ते आधी पाहिलं चिमीनं. ती बँकरचा नव्हे, फोटो काढणाऱ्या आपल्या बाबांचा फोटो काढत होती. तिच्या चौकोनात बाबांच्या पाठीमागं दिवे दिसले. ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "बाबाऽऽ!"

लंबूला ऐकू गेलं नाही. मलाही नाही, आणि मी तिच्यापासून चार हातांवर होतो.

इंजिनाच्या चालकानं भोंगा दाबला आणि दाबूनच धरला. तो मात्र ऐकू आला. लंबू वळला, पाहिलं आणि उताराकडे झेपावला. इंजिन गेलं तेव्हा तो रुळापासून दोन हातांवर गुडघ्यांवर पडलेला होता. कोपर सोललं. कॅमेरा खडीवर आपटून त्याची काच फुटली. बस्स, एवढंच झालं.

एवढंच झालं, असं आज लिहिता येतंय. चिमी फलाटावर बसून रडत होती आणि लंबू तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा होता. त्याचा हात थरथरत होता. बारक्या बापाला बिलगला होता. कुणी काही बोलेना.

हिरवी-लाल निशाणं हातात घेतलेले एक पॉइंट्समन धावत आले. आता शिव्या बसणार, असं मला वाटलं. बसायलाच हव्या होत्या. पण त्यांनी आधी लंबूचं कोपर पाहिलं. मग म्हणाले, "साहेब, चढणारी गाडी ओरडते. उतरणारी ओरडत नाही. आम्हीसुद्धा इथं नुसत्या कानांवर भरवसा ठेवत नाही."

नंतर त्यांनी आम्हाला फलाटाच्या मधोमध बाकावर बसवलं. "डोळे मिटा. गाडी आली असं वाटलं की हात वर करा." आम्ही पाचही जणांनी डोळे मिटले. शेजारून एक एक्सप्रेस सुटत होती, तिचा आवाज चालू होता. मी कान टवकारले. मला गाडीचा आवाज आला तसा मी हात वर केला, डोळे उघडले... तर सुटं इंजिन आमच्यासमोरून निम्मं पुढं गेलेलं! माझा हात सगळ्यात शेवटी वर झाला होता असंही नाही. बारक्यानं तर केलाच नव्हता.

लंबूनं मुलांसमोर सांगितलं, "चूक माझी. स्टेशनमास्तरांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." मी म्हटलं, "आणि माझी. मी नाही म्हणायला हवं होतं. आणि लक्ष ठेवतो म्हणून ठेवलं नाही." मोठ्या माणसांना हे बोलताना जीभ जड होते बरं का. पण बोलल्यावर चिमीचं रडणं थांबलं.

आई-बाबांनो, हा एक परिच्छेद तुमच्यासाठी. आपण मुलांना सांगतो, रुळावर जाऊ नका. पण ती आपलं ऐकत नाहीत, आपल्याला बघतात. पूल असताना रूळ ओलांडणारे आपणच असतो. परवानगीशिवाय रुळावर जाणं हा 1989च्या रेल्वे कायद्याप्रमाणं गुन्हा आहे, हे खरं. पण त्या दिवशी मला कायदा आठवला नाही. आठवली ती फक्त त्या मुलीची किंकाळी, जी मला ऐकू आली नव्हती.

घरी परतायचं का, असं मास्तरांनी विचारलं. चिमीच म्हणाली, "नको. पण आता रूळ लांबून बघायचे." मग आम्ही शेअर जीप करून घाट चढलो. रस्त्याच्या एका वळणावर चहाचं छोटं हॉटेल होतं. त्याच्या मागच्या अंगणातून समोरच्या डोंगरावरचे रूळ दिसत होते. मालकाला विचारून आम्ही तिथं बसलो. चहा, वडे आणि वाट बघणं.

वाट बघायची म्हणजे किती? पहिला तास काहीच नाही. बारक्यानं तेवढ्यात पाच वडे संपवले. मग समोरच्या बोगद्यातून दोन इंजिनं बाहेर आली. त्यांच्यामागं टाक्याच टाक्या, वळणावर वळण घेत. शेवटची टाकी बोगद्यातून सुटली, तिच्यामागं ब्रेकव्हॅन आणि मग मागचे तीन बँकर! पहिल्या इंजिनापासून शेवटच्यापर्यंत अख्खी गाडी एका फोटोत. अर्ध्या किलोमीटरहून लांब गाडी डोंगराला करगोट्यासारखी लपेटलेली! रुळाजवळ उभं राहून असा फोटो कधीच मिळाला नसता. जवळून फक्त एक इंजिन दिसतं. गाडी दिसते ती लांबूनच.

त्या टाक्या बघताना मास्तरांनी मुलांना लातूरची गोष्ट सांगितली. 2016 साली लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं. तेव्हा मिरजेहून टाक्यांची मालगाडी पाणी घेऊन निघाली. एप्रिलमध्ये पहिल्या खेपेला दहा टाक्या, म्हणजे पाच लाख लिटर पाणी, लातूरला पोचलं. त्या गाडीचं नाव 'जलदूत'. आणि 2021 साली, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, कळंबोलीहून सपाट डब्यांवर रिकामे टँकर चढवून मालगाडी विशाखापट्टणमला गेली आणि प्राणवायू भरून नागपूर-नाशिकला परत आली. त्या दोन गाड्यांना बघायला लोक उभे होते.

"बाकीच्या वेळी कुणी बघत नाही," चिमी म्हणाली.

खरंच की! 2022-23 या एका वर्षात भारतीय रेल्वेनं 151 कोटी टनांहून जास्त माल वाहिला. त्यातला निम्म्याच्या आसपास कोळसा. तुमच्या अभ्यासाच्या टेबलावरचा दिवा, घराच्या भिंतीतलं सिमेंट, रेशनचा गहू, शेतातलं खत. यांतलं काही ना काही मालगाडीनं आलेलं असतंच. रेल्वेची मोठी कमाई मालगाड्यांची. आपलं तिकीट स्वस्त राहतं तेही त्यांच्याच जिवावर.

तुम्हालाही असे फोटो काढावेसे वाटले, तर आमच्याकडून चार गोष्टी घ्या. एक, जागा निवडायची ती कुंपणाच्या किंवा फलाटाच्या आतली नाहीतर रुळांपासून चांगली लांबची; पादचारी पूल, टेकडी, रस्त्याकडेची सुरक्षित जागा. आणि मोठं माणूस बरोबर हवंच. दोन, सूर्य पाठीशी ठेवा. सकाळी नऊच्या आत आणि दुपारी चारनंतर उजेड छान असतो. तीन, उभ्या असलेल्या डब्यावर कधीही चढू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी! वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. तिला हात लागावा लागत नाही, जवळ गेलं तरी वीज झेप घेते. आणि चौथी गोष्ट आम्हाला महागात शिकावी लागली. ज्याच्या डोळ्याला कॅमेरा, तो राखणदार नव्हे. एकानं फक्त लक्ष ठेवायचं, हातात काहीही न घेता. आळीपाळीनं. दुपारी आमचा पहिला राखणदार मी होतो. तो टाक्यांचा फोटो बारक्यानं काढलाय!

संध्याकाळी परतीच्या लोकलसाठी आम्ही पुन्हा कसाऱ्याच्या फलाटावर बसलो होतो, अगदी मधोमध. घाट उतरून आलेली एक मालगाडी समोरून सावकाश निघाली. चिमी आणि बारक्या डबे मोजत होते. शेवटी आली ब्रेकव्हॅन. तिच्या मागं लाल दिवा आणि 'एलव्ही' अशी पाटी, म्हणजे 'शेवटचा डबा'. ही पाटी दिसली की स्टेशनवरच्यांना कळतं, गाडी पुरी आली, कुठला डबा घाटात सुटून राहिला नाही.

त्या डब्याच्या छोट्या गच्चीवर गार्डकाका एकटेच उभे होते. आता 2022पासून त्यांना 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, पण मला आपले गार्डकाकाच बरे वाटतात. चिमी उभी राहिली आणि तिनं हात हलवला. त्यांनी आधी मागं वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला तर नाही ना, म्हणून. मग हसले आणि त्यांनीही हात हलवला. लाल दिवा ठिपक्याएवढा होईपर्यंत हलवत राहिले.

चिमीच्या कॅमेऱ्यात तो सकाळचा फोटोही आहे. पुढं लंबू, कॅमेरा डोळ्याला लावलेला, चेहरा आनंदानं फुललेला. आणि त्याच्या खांद्यामागं दोन दिवे. मी म्हटलं, पुसून टाकू या. लंबू म्हणाला, "नको." त्यानं तो छापून घेतलाय आणि कॅमेऱ्याच्या पिशवीत आतल्या बाजूला चिकटवलाय. पिशवी उघडली की आधी तो दिसतो.

आता तुमचा गृहपाठ! डब्याचा नंबर आहे 31 07 14 2?38 5. आठव्या जागेवरचा आकडा पुसला गेलाय. पहारेकरी 5 आहे. मग पुसलेला आकडा कोणता? आणि हा डबा उघडा, बंद की टाकी? उत्तर पुढच्या आठवड्यात, याच पानावर.

तोवर फाटकापाशी मालगाडी आली तर तोंड फिरवू नका हं. फाटकाच्या अलीकडे उभं राहून ती नीट वाचा. आणि शेवटचा डबा आला की टाटा करा. तिथं कुणीतरी असतं.

तुमचा,
काका